पहिला घास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वसंताला नाही, दिलीपला तर नाहीच — त्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बुधवार पेठेला कळलं असतं. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझी जीभ कशी आहे हेही तुम्हाला ठाऊक नाही. तेव्हा ते आधी सांगायला हवं.

माझी जीभ उत्तम आहे. उगाच विनय कशाला? आमटीत गूळ आधी पडला की चिंच, हे मला एका भुरक्यात कळतं. चहा दुसऱ्यांदा उकळलेला असेल तर मी कप खाली ठेवतो, मग समोर व्याही बसलेले असले तरी. बुधवारात माझं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पण लोक तिथे सामान घ्यायला कमी आणि 'कोल्हापूरला निघालोय, वाटेत कुठे जेवू?' हे विचारायला जास्त यायचे. मी कागदावर ठिकाणं लिहून द्यायचो. त्या कागदाच्या नकला पेठेत फिरायच्या. अभिमान वाटायचा का? वाटायचा. अजूनही वाटतो.

दर दिवाळीनंतर वसंता, दिलीप आणि मी वसंताच्या जुन्या फियाटमधून निघायचो. रस्ता तेव्हा चौपदरी झाला नव्हता. ज्या गावचं जे नावाजलेलं, ते तिथे थांबून खायचं, एवढाच कार्यक्रम. देवदर्शन वाटेत जमलं तर. आणि एक रिवाज — पहिला घास माझा. ताट आलं की ते दोघे हात मांडीवर ठेवून बसायचे. मी मान डोलावली की जेवायला सुरुवात करायचे. नाही डोलावली तर आम्ही उठायचो. हसू नका. इतक्या वर्षांत आम्ही एकदाही वाईट जेवलो नाही.

त्या वर्षी मला सर्दी झाली होती. नाक असं चोंदलेलं, की सकाळी पेस्टचीसुद्धा चव लागेना. मग सांगून टाकायला काय हरकत होती? पण सांगितलं असतं तर पहिला घास वसंताकडे गेला असता. वसंताकडे! ज्याला शिरा आणि सांजा यांतला फरक कळत नाही. मी गप्प बसलो. साताऱ्यात कंदी पेढा तोंडात टाकला — गोड लागला, बाकी काही नाही. डोळे मिटून म्हणालो, खवा आज जरा जास्तच भाजलाय. दोघांनी खाऊन पाहिलं आणि म्हणाले, हो रे, जास्तच. खरं सांगू? मला अपराधी वाटलं नाही. न चाखता बोललेलंही यांना पटतं — केवढं वजन कमावलं होतं मी!

कराडच्या पुढे रस्त्याकडेला, पत्र्याच्या छपराखाली आमचं ठरलेलं ठिकाण होतं. एक नवरा-बायको चालवायचे. आख्खा मसूर खावा तर तिथेच, हे माझ्या कागदावर पहिल्या ओळीत असायचं. नवरा बाहेर गाड्यांना हात करायचा, वाढायचा, गप्पा मारायचा. बायको आत चुलीपाशी पाठमोरी. त्या वर्षी नवरा दिसला नाही. उन्हाळ्यात गेला, असं तिनेच ताटं ठेवताना सांगितलं. आम्ही 'अरेरे' म्हणालो. मग ते दोघे माझ्याकडे बघत बसले.

मी घास घेतला. तिखट लागलं, मीठ लागलं. पुढे काहीच नाही — तोंडात नुसता मऊ लगदा. मान डोलावली असती तर काय बिघडलं असतं? पण पेढ्याचं यश डोक्यात गेलं होतं. शिवाय नवरा गेलेला. म्हणजे खरा रांधणारा तोच असणार, ती नुसती चूल सांभाळणारी. पुण्याच्या माणसाला तर्क लढवायला चवीची गरज लागत नाही. मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणालो, "हात बदललाय. पूर्वीची चव राहिली नाही."

आमच्या गावात हे वाक्य कुणीही, कशाबद्दलही म्हणतं. आणि म्हणणारा कधी खोटा पडत नाही.

तिने ते ऐकलं. चुलीपासून वळून म्हणाली, "हात माजाच हाय, दादा. पयल्यापासनं मीच करतीया."

आता तरी? मला सर्दी झालीय, काही कळत नाहीये — एवढंच तर म्हणायचं होतं. मी किंचित हसलो, जाणकार हसतात तसा. आम्ही भरली ताटं सोडून उठलो. शेजारच्या बाकावरचे ट्रकवाले आपापल्या ताटाकडे संशयाने बघायला लागले होते. पुण्याला परतल्यावर मी कागदावरची पहिली ओळ खोडली. विचारेल त्याला सांगितलं, तिथे आता थांबू नका. लोक थांबेनासे झाले. माझा शब्द होता ना.

पुढच्या महिन्यात, नाक मोकळं झाल्यावर, घरी काहीतरी थाप मारून मी एस.टी.ने तिथे गेलो. एकटाच. चूक कबूल करायला गेलो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. खरं म्हणजे, माझं म्हणणं बरोबर निघतंय का, ते बघायला गेलो होतो.

बाकं रिकामी होती. पहिल्याच घासाला कळलं — तीच चव. भाजलेलं खोबरं, लसूण, सगळं जिथल्या तिथे. तसूभर फरक नाही. मी दोनदा मागून घेतलं. लाज वाटत होती आणि जेवण थांबत नव्हतं.

ती समोर येऊन उभी राहिली. तिने मला ओळखलं होतं.

"तुमी म्हनल्यापासनं रोज चाखून बगतीया," ती म्हणाली. "मसाला दोनदा बदलला, परत पयलाच केला. मला काय कळंनाच झालंय. तुमी सांगा, आज हाय का चव?"

वसंता नव्हता, दिलीप नव्हता. ऐकायला तिथे कुणीच नव्हतं. एका बाईला तिचा हात परत द्यायचा होता, बस्स.

मी म्हणालो, "बरं आहे. पण पूर्वीसारखं नाही."

ती "बरं" म्हणाली. चुलीपाशी गेली, पळीतलं थोडंसं तळहातावर घेतलं आणि पुन्हा चाखून बघायला लागली.