पायाचं मागा, धर्माचं नको

कामरगावात मी नर्स म्हणून आले तेव्हा आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर माझं एकटीचंच होतं. आई अमरावतीला, आमचं चर्चही तिथंच. रविवारी ड्युटी नसली की मी एसटीनं जाऊन यायची. दवाखान्यात कुणी धर्माचं विचारत नसे. गळ्यातला क्रॉस दिसला की लोक एकदा बघायचे आणि गप्प बसायचे. गप्प न बसणारे एकच निघाले, ड्रेसिंगला येणारे एक बौद्ध बाबा. आयुष्यभर शेतमजुरी करून मुलाला त्यांनी मास्तर केलं होतं. शुगरमुळे पायाचा अंगठा चिघळला होता. पाय बधिर, त्यामुळे मी जखम धुताना त्यांना दुखायचं नाही आणि तोंड मोकळं राहायचं.

"सिस्टर, तुमचे देव तीन हायेत म्हन्तेत. खरं काय?"

"नाही बाबा, देव एकच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, पण देव एक."

"एकच हाय तं मोजून कायले सांगता?"

मी हसले, पण ते डोक्यातून जाईना. लहानपणी संडे स्कूलमध्ये हे सगळं मला तोंडपाठ होतं. आता भाजी निवडताना, बसची वाट बघताना मी उत्तरं जुळवायला लागले. पुढच्या खेपेला म्हणाले, "बाबा, तुम्ही मुलाचे बाप, तुमच्या बापाचे मुलगा आणि तुमच्या बायकोचे नवरा. पण माणूस एकच ना?"

त्यांनी जरा विचार केला. "मी मेलो तं हे तिघंबी मरतीन. तुमचा तो पोरगा खांबावर मेला, तवा त्याचा बाप कुठं व्हता?"

मरताना येशूनंही देवाला जवळजवळ हेच विचारलं होतं, मला का सोडलंस म्हणून. मी तसं सांगितलं.

"असं इचारलं त्यानं? देवाले?" जाताना दारात थांबून बाबांनी पुन्हा एकदा विचारलं.

एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या देवाले वाहावं काय लागते? नारळ, का हार?" मी त्यांची जखम धूत होते, म्हणून सहज सुचलं ते सांगितलं. शिपायांनी पकडून नेण्याआधी येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. तो उठला, कमरेला पंचा बांधला आणि त्यानं सगळ्यांचे पाय धुतले. एक शिष्य म्हणाला, माझे नको. येशूनं त्याचेही धुतले. देव कसा आहे ते आम्ही त्या पाय धुण्यात बघतो, आणि त्याला हार घालण्यापेक्षा तसं वागणं आमच्यात मोठं मानतात.

बाबांनी एकदम पाय मागं ओढला. "मंग तुमी हे धर्म म्हून करून राह्यल्या?"

"पगार घेऊन करते, बाबा. पाय पुढं करा."

बाकावर बसलेल्या कुणीतरी हे ऐकलं असावं. आठवडाभरात डॉक्टरांनी मला बोलावलं. "सिस्टर, पेशंटशी धर्माचं बोलू नका. बाहेर चर्चा आहे. सध्या दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे." मी हो म्हणाले. पण तेव्हापासून दवाखान्यात शिरताना बाकावरचा प्रत्येक चेहरा मी निरखायची, क्रॉस ओढणीखाली सारायची, आणि सारला म्हणून पुन्हा स्वतःवर चिडायची. बाबांचं ड्रेसिंग मुकाट करायला लागले.

"काहून गप हा तुमी?" त्यांनी विचारलं.

"तक्रार झाली. तुम्हाला धर्म सांगते म्हणून."

ते तसेच, अर्धवट पट्टीचा पाय घेऊन लंगडत डॉक्टरांच्या दारात गेले. "साहेब, इचारलं मी! बाईनं जवाब देल्ला. माह्या बापानं दीक्षा घेतली, मी काय लेकरू हाओ बहकाले?" डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. मला मात्र आणखीच भीती वाटली, आता गावभर चर्चा होणार म्हणून.

मग बाबा यायचे थांबले. त्यांना ताप भरला होता. मुलगा बोलवायला आला आणि डॉक्टरांना सांगून मी गेले. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, पुढं मेणबत्ती. मी चपला काढून आत गेले आणि थबकले. आम्ही मूर्तीपुढं वाकत नाही. पण सरळ पाठ करून पलंगाकडं जाणंही मला जमेना. क्षणभर हात जोडून उभी राहिले, मान न वाकवता. हे माझ्या देवाला चाललं का, त्या घराला चाललं का, काही कळेना.

बाबा पलंगावरून बघत होते. "काय मांगलं?"

"काही नाही. मान दिला."

"आमीबी मांगत नाही. तो काही देत नाही, रस्ता दाखवते. तुमी मांगता ना तुमच्या देवाले?"

"हो. तुमच्यासाठी रोज मागते."

"मले न इचारता?" ते उठून बसायला लागले. मुलानं धरलं. परवानगी घ्यावी हे मला कधी सुचलंच नव्हतं. थोडा वेळ दम खाऊन ते म्हणाले, "मांगा. पायाचं मांगा, धर्माचं नोका मांगू."

"पायाचंच मागते," मी म्हणाले. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलानं त्यांना अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. महिन्याभरानं ते काठी टेकत पुन्हा दवाखान्यात आले. बाकावर माणसं होती. त्यांनी आवाज जराही कमी केला नाही.

"सिस्टर, पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात आली. माह्या मायले हिरीवर पानी भरू देत नव्हते. घागर घेऊन दूर उभी राहे ती, कोनी पानी वतीन म्हून. तुमचा देव पाय धुते म्हन्ता. तवा कुठं व्हता तो?"

बाकावरच्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ओढणीला हात लावला नाही.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पाय स्टुलावर ठेवला. त्या रविवारी मी चर्चमध्ये गेले तेव्हा गाणी म्हणवेनात. सगळे उभे राहिले तरी मी बसून राहिले आणि बाबांनी विचारलं होतं तेच देवाला विचारलं, तेव्हा तू कुठं होतास? अजूनही विचारते.