धाकट्या जावेचं सदर

माझी धाकटी जाऊ ग्रीक आहे, हे आमच्या गल्लीला आता नवीन राहिलेलं नाही. पण ती लेखिका आहे हे गावाला पटायला वेळ लागला. आणि खरं सांगायचं तर आम्हा घरच्यांनाही.

माझे धाकटे दीर जहाजावर इंजिनियर. कंपनी ग्रीक. जहाज दुरुस्तीसाठी अथेन्सजवळच्या बंदरात अडकून पडलं होतं, तेव्हा ही खलाशांवर लिहायला म्हणून तिथं गेली. सगळ्यांशी बोलली, आणि एकाशी जरा जास्तच बोलली. वर्षभरानं आमच्या आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, फोन ठेवला आणि नुसतं एवढंच म्हणाले, "धाकटं पोरगं गोरी बायको आणतंय."

ती एका लहानशा बेटावर वाढलेली. वडलांची बंदरावर बेकरी. पावाच्या पिशव्या पोचवता पोचवता हिनं सगळ्या बेटाच्या गोष्टी ऐकल्या आणि पुढं अथेन्सला जाऊन एका वर्तमानपत्रात छोट्या जाहिराती घ्यायच्या टेबलावर बसली. जाहिरात द्यायला येणाऱ्या माणसांबद्दल तिनं एकदा चार ओळी लिहिल्या. संपादकानं त्या छापल्या, आणि तिथून तिचं सदर सुरू झालं. कथांचं एक पुस्तक आलं, मग लेखांचं. पुढं त्यांच्या देशात मंदी आली, पेपर बंद पडला. "अक्का, सकाळी गेलो तर दाराला कुलूप," ती मला सांगायची. "आमी बाहेर उभं. माझा लेख आत."

हे ती मला मराठीतच सांगायची, आणि तेही खटाव तालुक्याच्या मराठीत. कारण दीर सहा महिने समुद्रावर, मी दिवसभर शाळेत, आणि घरी तिच्याबरोबर असायच्या त्या आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई. त्यांचं माहेर खटाव तालुक्यातल्या वडूजचं. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. त्यामुळं भाकरी थापता थापता जी भाषा तिच्या कानावर पडली, तीच तिची मराठी झाली. लय, न्हाई, कवा, तवा. मी मराठीची शिक्षिका. "न्हाई नव्हे, नाही," असं मी सांगायची, तर म्हणायची, "आत्याबाई तर न्हाईच म्हणत्यात."

एक दिवस इथल्या दैनिकाचे संपादक घरी आले. 'परदेशी सून रमली सांगलीत' असं काहीतरी त्यांना छापायचं होतं. नऊवारी नेसून रांगोळी काढतानाचा फोटो हवा होता. हिनं त्यांना चहा दिला, समोर बसली आणि म्हणाली, "फोटो नगं. लिवायला जागा द्या."

संपादक माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघताय? त्यांच्या देशात दोन पुस्तकं आहेत त्यांच्या नावावर."

जागा मिळाली, रविवारच्या पुरवणीत, आतल्या पानावर तळाशी. ती बोलायची आणि मी लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. पहिला लेख होता 'जेवलीस का' या प्रश्नावर. आमच्या बेटावर माणूस भेटला की विचारतात, काय करतेस. इथं विचारतात, जेवलीस का. मला आधी वाटलं ही सगळी मला वाढायला निघालीत, असं तिनं लिहिलं होतं. संपादकांनी भाषा शुद्ध करून छापला. लेख वाचून ती खट्टू झाली. "हे माझं न्हाई," म्हणाली. पुढच्या वेळी तिनं अट घातली, जसं सांगितलंय तसंच छापायचं. संपादकांनी नाइलाजानं छापलं, आणि त्या आठवड्यात त्यांचा फोन खणखणत राहिला. मार्केट यार्डात हळदीचा सौदा सुरू व्हायच्या आधी अडते सदर वाचायला लागले. आप्पांचं तिथंच दुकान. लोक त्यांना म्हणत, "आप्पा, सूनबाईंनी झकास लिवलंय." आप्पा वरवर "हं" करायचे, पण रविवारी चष्मा पुसून मोठ्यानं वाचायचे, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग तिनं 'दुसरी पंगत' लिहिलं.

आमच्या घरी पुरुष आधी जेवत, बायका नंतर. कुणी तसा नियम केलेला नव्हता. चालत आलेलं होतं. तिनं लिहिलं, माझ्या सासूच्या हातची भाकरी साऱ्या सांगलीत भारी, पण ती गरम असताना कशी लागते हे तिला स्वतःला म्हाईत न्हाई. आप्पा मोठ्यानं वाचत होते. त्या ओळीवर थांबले. पेपर घडी घालून ठेवला आणि न जेवता दुकानावर गेले. ती गॅलरीत उभी राहून त्यांच्या स्कूटरकडं बघत राहिली. "आप्पा रागावलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, रागावणारच. घरातली गोष्ट पेपरात गेली होती. आत्याबाई मात्र म्हणाल्या, "खोटं काय लिवलंय तिनं?"

आप्पा तिच्याशी बोलेनात. पुढच्या रविवारी पेपर उघडला तर तिच्या सदराशेजारी चौकटीत आप्पांचा मजकूर! आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, 'सूनबाईंनी आमची दुसरी पंगत गावापुढे मांडली. खरे आहे तेच लिहिले, म्हणून तक्रार नाही. पण त्यांचे वडील तिकडे एकटेच जेवतात. त्या ताटासमोर तर कोणतीच पंगत बसत नाही. त्यावरही त्यांनी लिहावे.'

तिनं ते दोनदा वाचलं. आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतरचा रविवार सदराविना गेला. गावाला वाटलं, सासऱ्यानं सुनेचं तोंड बंद केलं. काहींनी तर यार्डात आप्पांचं अभिनंदनही केलं. ते घरी आले ते पडेल चेहऱ्यानंच. आत्याबाईंना म्हणाले, "मला तसं म्हणायचं नव्हतं." त्या म्हणाल्या, "मग मला कशाला सांगताय? तिला सांगा."

पण त्याआधीच ती माझ्यासमोर येऊन बसली. "अक्का, लिवून घे," म्हणाली. आई गेल्यापासून वडील रेडिओ लावून जेवतात. बातम्या सांगणाऱ्या बाईला ते अधूनमधून उत्तर देतात. शेजारी विचारतात तेव्हा सांगतात, माझी लेक भारतात लिहिते. आप्पा खरं बोलले, असं तिनं लिहिलं. सासरा खरं बोलला म्हणून मला राग आला, आणि खरं बोलला म्हणूनच तो राग गेला.

त्या रविवारी आप्पांनी वाचायला सुरुवात केली, पण मधेच पेपर माझ्या हातात दिला. शेवटचा भाग मी वाचला. ते उठले, तिच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "तू जाऊन ये बाई. राहा दोन-तीन महिने. इथलं आम्ही बघतो."

"आन् सदर?"

"तिथून लिही. तुझ्या अक्काला फोनवर सांग. जागा कोण काढून घेतोय बघू."

निघायच्या आदल्या दिवशी जेवणं वाढली तेव्हा आत्याबाईंनी आप्पांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. "पोरगी उद्या चाललीय. आज सगळ्यांनी संगंच जेवायचं," म्हणाल्या. आप्पांनी गरम भाकरी आधी त्यांच्या ताटात टाकली. तेव्हापासून आमच्याकडं एकच पंगत असते.

तिचे वडील बेट सोडून यायला तयार झाले नाहीत. आता ती दरवर्षी तिकडं जाऊन राहते, आणि बेकरीच्या ओट्यावरून तिचं मराठी सदर येतं. व्हिडिओ कॉलवर दोन्ही म्हातारे एकमेकांना आपापला माल दाखवतात. इकडून हळकुंड, तिकडून पाव.

यंदा तिचं मराठी पुस्तक निघालं. वडूजच्या वाचनालयानं कार्यक्रम ठेवला. आप्पांनी यार्डातल्या दोस्तांसाठी वेगळी गाडी केली होती. ती माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या सासूचं म्हायेर हाय हे. तवा मी बी माहेरालाच आलीया." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. नंतर बायकांनी आत्याबाईंना गराडा घातला. एकजण म्हणाली, "आवं, सुनेला लय चांगलं शिकवलंत तुमी."

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी बोलायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "लिवणं तिचं तिनं आणलंय. त्यात माझं काय बी न्हाई."

पलीकडं आप्पा पुस्तकाच्या टेबलापाशी उभे होते आणि येईल त्याला सांगत होते, "माझं उत्तर बी आहे आत. पण आधी तिचं वाचा."