जेवणानंतरचे दोन तास

तीन महिन्यांतून एकदा आम्ही चौघं कोथरूडमधल्या एका लॅबच्या बाकावर भेटतो. उपाशीपोटी रक्त द्यायचं, बाहेर जाऊन खाऊन यायचं आणि दोन तासांनी पुन्हा दंड पुढे करायचा. मधल्या वेळात करायचं काय? पेपर वाचून होतो, मोबाइलचा कंटाळा येतो, मग माणसं बोलायला लागतात. आणि डायबेटिसवाल्यांना बोलायला विषय कमी नाहीत, कारण अख्खं गाव त्यांना सल्ले देत असतं!

बाकावर मी, म्हणजे शुभाताई. ब्लाउज शिवते, त्यामुळे सुईची भीती कधीच गेलेली. दुसरे बापट काका, रिटायर्ड, सगळ्या विषयांवर मत असलेले. तिसरे बावधनचे अण्णा. आणि चौथी अनघा, सव्वीस वर्षांची, खराडीला आयटीत. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे नवव्या वर्षापासून रोज टोचून घेते. तिची आई म्हणते, लग्न ठरेपर्यंत कुणाला सांगू नकोस. अनघा म्हणते, सांगूनच ठरवीन. मायलेकींचं यावरून कायम वाजतं, आणि आम्ही तिघं अनघाच्या पार्टीत!

* * *

बापट काकांना टेस्ट म्हणजे परीक्षा वाटायची. आधीचे चार दिवस भात बंद, साखर बंद, चालणं डबल. रिपोर्ट फर्स्ट क्लास! परीक्षा संपली की काका लॅबमधून थेट मस्तानी प्यायला.

एकदा डॉक्टरांनी गुपचूप वेगळी टेस्ट लिहून दिली. आकडा आला नऊच्या वर.

"काका, ही टेस्ट तीन महिन्यांची सरासरी सांगते. इथं चार दिवसांचा अभ्यास चालत नाही."

काका उसळले, "मग हे तीन महिने आधी सांगायला काय झालं होतं?"

* * *

अनघा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवणाआधी टोचून घ्यायची. एक दिवस तिच्या मॅनेजरनं बाजूला घेऊन, अगदी गोड आवाजात सांगितलं, "लोकांना ऑकवर्ड होतं गं. वॉशरूममध्ये जाऊन घेत जा ना."

"चालेल सर," अनघा म्हणाली. "तुम्ही पण तुमचा डबा घेऊन तिकडेच या. सोबत जेवू!"

दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये कुणालाच ऑकवर्ड झालं नाही.

* * *

अण्णांच्या गोळ्या दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या चार झाल्या, साखर काही ऐकेना. पायाला ठेच लागली होती ती महिना झाला तरी भरेना. डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन. अण्णा बाकावर येऊन बसले ते चेहरा पाडूनच.

"सुई म्हंजी शेवटच की ओ ताई. अन् एकदा धरली की सवय लागती म्हनं."

मी स्वतः इन्सुलिन घेते, त्यामुळे जमेल तसं समजावलं. शरीराकडचं इन्सुलिन कमी पडायला लागलं की नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, बाहेरून द्यावं लागतं, ही काही शिक्षा नाही. अण्णांनी मान फिरवली. पाय जायची वेळ आली तरी हा माणूस हट्ट सोडणार नाही, असं वाटून माझा जीव खालीवर व्हायला लागला.

अनघा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "लागते ना सवय. मला नवव्या वर्षी लागली. अजून सुटलेली नाही, म्हणून तर तुमच्या शेजारी बसलेय!"

पुढच्या वेळी लॅबमधल्या मुलीनं रक्तासाठी हात मागितला, तर अण्णांनी आधी पाय पुढे केला. "हात हायच की. आधी ही जखम बगा, सुई धरल्यापासनं कशी भरलीया!"

* * *

आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी अनघाला माझ्या दुकानात गाठलं. "इन्सुलिन बंद कर. माझ्याकडचा काढा घे. नणंदेचा डायबेटिस पळाला."

"काकू, डायबेटिसचे मुख्य प्रकार दोन," अनघा म्हणाली. "एक शुभाताईंचा, एक माझा. माझ्यात इन्सुलिन बंद केलं तर मीच पळेन, कायमची."

बाई हटेनात. "पण तिसरा प्रकारही असेल की!"

"आहे ना. ज्यांना झालेला नाही, पण सगळं माहीत असतं!"

* * *

माझंही एक ऐका. जावेकडे सत्यनारायण. जेवण बारालाच, असं ऐकून मी इन्सुलिन घेतलं, आणि गुरुजींची पोथी काही संपेना. मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर घसरली की थांबायला वेळ नसतो. मी सरळ उठले आणि शिऱ्याच्या पातेल्यात वाटी घातली.

"अहो, नैवेद्य दाखवायचाय अजून!" गुरुजी ओरडले.

"तुम्ही दाखवा. मी तोवर खाते!"

* * *

अनघाचं ठरलं. निखिलला तिनं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं, आणि तो पोरगा जरासुद्धा डगमगला नाही. त्याच्या आईनं मात्र एक अट घातली. लग्नात चारचौघांत टोचायचं नाही. निखिलच्या आजोबांच्या कानावर तर अजिबात जायला नको, घरात त्यांचाच शब्द चालतो, ते लग्न मोडायला लावतील. अनघाच्या आईनं लेकीपुढे हात जोडले.

ब्लाउजच्या ट्रायलला आली तेव्हा पोरगी पहिल्यांदा रडली. "ताई, एक दिवस लपवलं की जन्मभर लपवावं लागणार."

मला असा संताप आला! म्हटलं, "कुठं टोचायचं ते तू ठरव. मी परकराला इन्सुलिनचं पेन मावेल एवढा खिसा लावून देते."

लग्नात आम्ही तिघं शेजारच्याच रांगेत होतो. पंगत बसली, पानं मांडली, नवरा-नवरीच्या समोर आजोबा ताठ बसलेले. "नाव घे, नाव घे" असा गलका झाला. अनघानं खिशातून पेन काढलं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला, आईनं मान खाली घातली. अनघानं शालूचा पदर जरा सरकवला, पोटाला टोचलं, शांतपणे टोपण लावलं आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"मसालेभाताला सहा युनिटं, जिलबीला आणखी चार,
निखिलचं नाव घेते, लपूनछपून नाही टोचणार!"

हॉलमध्ये सगळे आजोबांकडे बघायला लागले. आजोबांनी चष्मा सारखा केला आणि वाढप्याकडे वळून कडाडले,

"अहो, बघत काय उभे राहिलात? पोरगी दहा युनिटं घेऊन बसलीय आणि पान अजून कोरडं? आधी जिलबी वाढा!"