खरात मास्तरांची स्कूटर

एक सांगा मला. नवी कोरी वस्तू तीन हजारांना आणि तीच वस्तू दोन वर्षं खड्ड्यांतून बडवून काढलेली साडेपाच हजारांना, असा बाजार तुम्ही कुठं पाहिलाय? बैल थकला की त्याचा भाव उतरतो. घड्याळ, सायकल, शिवणयंत्र, सगळ्यांचा उतरतो. स्कूटर तेवढी जुनी झाली की चढते. कारण नवी मिळत नाही. नंबर लावायचा आणि सात-आठ वर्षं वाट बघायची. ज्याला आज पाहिजे त्यानं दलालाच्या दारात जायचं आणि तो मागेल ते द्यायचं.

जालिंदर खरात मास्तरांना आज पाहिजे होती. हौस म्हणून नव्हे.

मास्तर राहायला संगमनेरला. लहानपणी तापात डावा पाय वाळला, तो गुडघ्यावर हात दाबून उचलावा लागतो. दोन वर्षांपूर्वी त्यांची बदली भोरदऱ्याच्या शाळेवर झाली. एसटी फाट्यावर सोडते. फाट्यापासून शाळा चार मैल, त्यात एक घाट. घाट दोन पायांच्या माणसालाही दम आणतो. गावात खोली बघावी म्हणून मास्तर गेले, तर घरमालकानं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग म्हणाला, "मास्तर, माझं काय न्हाई, पण म्हातारीला चालत न्हाई." आम्ही छप्पन साली बौद्ध झालो, म्हातारीला अजून कुणी कळवलं नसावं. आमची तिथं तीनच घरं. दुष्काळी कामावर खडी फोडायला तीही गेली, कुलपं लावून.

म्हणून मास्तर रोज चालायचे. घंटा साडेदहाला, मास्तर पोचायचे सव्वाअकराला. दोनदा लेखी ताकीद आली. तिसऱ्यांदा आली की नोकरी धोक्यात. पोटाला त्या नोकरीशिवाय दुसरं काही नाही. बायको झुंबरबाई विड्या वळते, पण विड्यांवर चार जणांचं घर चालत नाही.

स्कूटरची युक्ती मास्तरांनीच काढली. बाजारपेठेत एका डॉक्टरची स्कूटर उभी असायची. मास्तरांनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या, वाकून पाहिलं आणि मला म्हणाले, "कानिफ, किक उजव्या पायाची. ब्रेक उजव्या पायाखाली. गिअर हातात. डाव्या पायाला कामच न्हाई बघ हिच्यात!" त्या दिवशीसारखा त्यांचा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

सात वर्षांचं साठवलेलं घेऊन आम्ही श्रीमंत नावाच्या दलालाकडे गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये तीन स्कूटरी उभ्या. श्रीमंत पान चघळत स्टुलावर बसलेला.

"ही हिरवी बघा मास्तर. आवाज ऐकला की पोरं पुस्तक टाकून पळत येत्याल."

"भाव?" मी विचारलं.

"साडेपाच."

"नव्याची किंमत तीन हाय."

"मग नवी घ्या की! मी कुठं हात धरलाय? नंबर लावा, मास्तर रिटायर होताना हार घालून घरी आणा."

मास्तर हसले. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "गाडीचं पुस्तक दाखव." श्रीमंत म्हणाला पुस्तक मागाहून. मी म्हणालो आत्ता. तो म्हणाला, "तू पुढारी हाईस का गिऱ्हाईक?" मी उठलो, फळीवरची पत्र्याची पेटी उघडली आणि हिरव्या गाडीच्या नंबराचं पुस्तक काढलं. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, पण सरकारी कागद वाचायला मी रस्त्यावर, मोर्च्यांत शिकलोय.

मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं: जालिंदर सखाराम खरात.

मी पुस्तक मास्तरांच्या हातात दिलं. ते वाचून त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, पोरांना वाचायला लावतात तसं, ओळीखाली बोट धरून.

आता हे कसं झालं ते सांगतो, आणि सांगताना मलाही लाज वाटते. त्रेसष्ट साली आम्ही दोघं आप्पासाहेबांच्या बोर्डिंगात होतो. मास्तर शिकायला, मी भाकरी भाजायला. आप्पासाहेब म्हणजे तालुक्यातले मोठे सोसायटीवाले, गरिबांच्या पोरांना फुकट जेवू घालायचे. एका रविवारी त्यांचा कारकून छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आला. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना रांगेत बसवलं. "ग्रँटचे कागद हायेत, सह्या करा." वीस जणांनी केल्या. कुणी वाचलं नाही. वाचायचं सुचलंच नाही. आमच्या घराण्यात सही करणारे आम्हीच पहिले. आमचे बाप अंगठ्याची शाई धोतराला पुसत मोठे झाले. आम्हाला कागद दिसला की हात शिवशिवायचे. जालिंदरची सही सगळ्यांत देखणी: शेवटच्या 'त'ची रेघ मागं फिरवून खाली दोन टिंबं. चार कागदांवर त्यानं ती चारदा काढली आणि पोरांनी वाहवा केली.

ते स्कूटर-नोंदणीचे अर्ज होते. अनामत आप्पासाहेबांनी भरली. सात वर्षांनी वीस नावांवर वीस गाड्या सुटल्या, आणि पुस्तकावरचं नाव न बदलताच दलालामार्फत वरच्या भावानं विकल्या गेल्या. श्रीमंतच्या शेडमधल्या तिन्ही त्यातल्याच होत्या, फिरून विकायला आलेल्या. तिसऱ्या गाडीचं पुस्तक उघडलं तर त्यावर माझं नाव.

मी श्रीमंतची गचांडी धरली. मास्तर म्हणाले, "सोड त्याला." मग श्रीमंतला म्हणाले, अगदी वर्गात बोलतात तसं, "गाडी माझ्या नावावर हाय. मी तीन हजार देतो, घेऊन जातो."

श्रीमंतनं शर्ट नीट केला. पेटीच्या तळातून एक कागद काढून लांबूनच दाखवला. मालकी बदलीचा फॉर्म, त्या रविवारच्या चार कागदांतला एक. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी, खाली सही. मागं फिरवलेली रेघ, दोन टिंबं.

"ही सही तुमचीच ना, मास्तर?"

मी मास्तरांच्या बरगडीत कोपर मारलं. नाही म्हणा. खोटी आहे म्हणा. एवढंच म्हणायचं होतं. कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता.

"व्हय," मास्तर म्हणाले. "माझीच हाय."

मी वाटभर त्यांना शिव्या दिल्या. ते म्हणाले, "पोरांना सांगतो, सही म्हंजी तोंडचा शब्द. मीच न्हाई म्हणू?"

मग आप्पासाहेबांकडे गेलो. ते झोपाळ्यावर होते. चहा आला, कपात आला, वेगळ्या कपात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रेमानं विचारलं, "जालिंदर बाळा, माझ्याकडं किती वर्षं जेवलास?"

"चार, आप्पासाहेब."

"मी कधी मागितलं काय तुझ्याकडं?"

"न्हाई, आप्पासाहेब."

"वीस पोरांच्या सह्यांवर बोर्डिंगची कौलं चढली, बाळा. माझ्या घरावर न्हाई चढली. तरी तू म्हणतोस तर श्रीमंतला सांगतो, दोनशे कमी करंल."

मी बोललो ते इथं छापता येणार नाही. गड्यांनी मला बाहेर काढलं. मास्तर मागून आले, चप्पल हातात घेऊन, कारण माझ्या मागं घाईनं येताना तिचा अंगठा तुटला होता.

नगरला एजन्सीत नवा नंबर लावायला गेलो. कारकुनानं रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, "तुम्हाला सत्तर साली गाडी मिळालीय. एकदा मिळालेल्याला इतक्यात दुसरी नाही. दुसऱ्यांनाही मिळू द्या की!" रांगेतले लोक मास्तरांकडे असे बघायला लागले, जणू मास्तरच काळाबाजार करतात.

पुढची चूक माझी आहे. मास्तर म्हणत होते, जाऊ दे. मी ऐकलं नाही. सात ठिकाणी तक्रारअर्ज धाडले, नाव-गाव-गाडीनंबरासकट. सहा ठिकाणांहून उत्तर नाही. सातवं आलं: सदर वाहन अर्जदाराचे नावे असल्याने फसवणुकीचा प्रश्न उद्भवत नाही. आणि त्याची एक नक्कल आपल्या पायांनी चालत मास्तरांच्या खात्यात गेली.

तिसरी ताकीद आली नाही. नोटीस आली. नोकरीत असताना स्वतःच्या नावे मोटारवाहन असल्याचं का कळवलं नाही? पगार पाहता ते घेण्यास पैसा कुठून आला? आणि स्वतःचं वाहन असताना शाळेत रोज पाऊण तास उशीर का?

झुंबरबाईनं मला नोटीस वाचायला लावली. वळायच्या पानांचं सूप मांडीवर तसंच होतं. वाचून झाल्यावर म्हणाली, "भावजी, तुमी लई शिकलेलं. आता गप ऱ्हावा." त्या घरी मी त्यानंतर गेलेलो नाही. हिरवी गाडी खडीच्या एका ठेकेदारानं साडेपाचलाच नेली. भोरदऱ्याच्या वाटेवरच त्याचं काम चालू आहे. मास्तर अजून चालतात. परवा मी लांबून पाहिलं, घाटाच्या पहिल्या वळणावर बसले होते, पाय दाबत. घंटा कधीच झाली असणार.

चौकशी येत्या सोळा तारखेला, सकाळी अकरा वाजता, नगरला जिल्हा परिषदेच्या कचेरीत आहे. त्या रविवारी सह्या कशा घेतल्या हे सांगणारे साक्षीदार पाहिजेत. मी एक. पण माझ्यावर दोन खटले आहेत, माझा शब्द तिथं कोण धरणार? उरलेल्या अठरांपैकी अकरा जणांच्या दारात मी जाऊन आलो. कुणी तलाठी झालाय, कुणी कारखान्यात आहे, कुणाची पोरगी आता त्याच बोर्डिंगच्या शाळेत आहे. कुणी पाणी दिलं, कुणी तेही नाही. सात जण मला सापडले नाहीत. त्यांच्यातला कुणी हे वाचत असेल, तर बाबा, तुझ्या पाया पडतो, मी कुणाच्या पडत नाही: सोळा तारखेला ये आणि तो कागद न वाचता तूही सही केली होतीस, एवढं एक वाक्य बोल.