तारेवर न गेलेले तीन बिट

रुहामा त्सादोक एका जागी टिकत नसे. इस्राएलातल्या रोश हाआयिनच्या आमच्या कंपनीत मी बोर्डांवर तारा जोडायचो. चिप कारखान्यात जाण्याआधी तिचा आराखडा प्रोग्रामने तपासायचं काम रुहामाचं. तासातासाला ती माझ्या टेबलाशी येई, सूर्यफुलाच्या चार बिया फोडी आणि निघून जाई.

अठ्ठ्याण्णव साली एक आराखडा शुक्रवारी दुपारी बाराला पाठवायचा होता. पुढे शब्बात, ज्यूंचा सुट्टीचा दिवस, कोणी थांबणार नव्हतं. सही रुहामाची. तीन आठवड्यांत एकही चाचणी अडली नव्हती, आणि तेच तिला खात होतं.

"सोयरीक जुळली तरी खोट शोधणारी आत्या आहेस तू," आमचा साहेब अमिताई म्हणाला.

त्या शुक्रवारी दहा वाजता तिने चाचण्या आराखड्याप्रमाणे चालणाऱ्या नमुन्याच्या बोर्डावर सोडल्या आणि माहितीचं कोणतं पॅकेट आधी सोडायचं हे चिपला सांगणाऱ्या, अग्रक्रमाच्या तीन तारा मला बघायला सांगितल्या. मी तारेतला सिग्नल दाखवणारा प्रोब चाळीस मिनिटं धरला. तिन्हींवर शून्य. जोड सैल असेल म्हणून पुन्हा डाग दिला. शून्यच.

ती पडद्याकडे धावली, मीही मागोमाग गेलो. तिथे पॅकेटचे रकाने ओळीने लिहिलेले. तिच्या तपासणीच्या प्रोग्रामच्या भाषेत रकान्याच्या नावाआधी टक्क्याचं चिन्ह असलं तरच तो चिपकडे जातो. नसलं तर तो प्रोग्रामच्या आत राहतो, पॅकेटांची वर्गवारी करण्यापुरता. अग्रक्रमाला चिन्ह नव्हतं. त्याच्या जागी एक जुना राखीव रकाना शून्यं पाठवत होता. चिपला सगळी पॅकेटं सारखीच दिसली. मग क्रम चुकणार कसा?

"कोणी लिहिलं हे?" मी विचारलं.

"मी."

तिने राखीव रकाना काढला, चिन्ह घातलं. तिसऱ्या मिनिटाला चाचणी अडली. तातडीचं पॅकेट चिपने रांगेत मागे ठेवलं होतं.

अमिताईचा चेहरा उतरला. मग त्याने आवाज खाली आणून सुचवलं, की ही ओळ आमच्यातल्याच एलकानाची होती असं वरच्यांना सांगू. तो तर नोकरी सोडून गेलाय.

"ओळ माझी आहे," रुहामा म्हणाली. "आणि सही मी करत नाही. दोन्ही कळव."

त्याने फोन उचलला.

बाराला बाकीचे घरी गेले. त्या फाइलमध्ये आणखी एकशे बारा रकाने होते. ती एकेकाचं नाव वाचत होती, मी त्याच्या तारेला प्रोब लावून "हललं" किंवा "नाही" सांगत होतो.