डब्यावरचा वेग

"आधी चालवून बघू, मग बोलू." एवढं म्हणायचं आणि चष्मा कपाळावर चढवायचा, ही त्यांची सवय. केजमध्ये माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही. कॉम्प्युटर पन्नाशीनंतर शिकले. सगळे त्यांना काका म्हणायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल; त्याच्याकडे काम लवकर होत नाही आणि तरी लोक त्याच्याकडेच जातात.

जवळच्या युसूफ वडगाव या गावातल्या एका पुढाऱ्यानं आमच्याकडे गेमिंग सेंटर काढायचं ठरवलं. दहा कॉम्प्युटर जोडायचं काम काकांना. एवढं मोठं काम त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. गेमचं चित्र पळवणारं ग्राफिक्स कार्ड मात्र पुढाऱ्यानं स्वतः निवडलेलं: कारखान्यातूनच वेग वाढवून आलेलं, चकचकीत डब्यातलं.

काकांनी आधी एकच मागवलं. भर मे महिन्यात, पत्र्याच्या दुकानात, कूलर बंद करून ते तीन दिवस त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून बसले.

"काका, कूलर तरी लावा."

"त्या सेंटरच्या हॉलवर बी पत्राच हाय. मग मी कशाला गारव्यात बसू?"

दोन दिवस कार्डानं कमाल केली. माझी गिऱ्हाइकं झेरॉक्स विसरून बघत उभी राहायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला चित्र गोठलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गोठलं. मग काकांनी वेग थोडा उतरवला. संध्याकाळपर्यंत ते एकदाही अडलं नाही.

पुढारी आले.

"कार्ड वाईट न्हाई," काका म्हणाले. "पण डब्यावरल्या वेगानं आपल्या उन्हात टिकत न्हाई. जरा उतरवून देतो."

"सगळ्यात फास्ट म्हणून बोर्डावर रंगवलंय मी. तुमी नुसतं जोडा."

"अडकणारं मशीन मी न्हाई जोडत, साहेब."

काम दुसऱ्याकडे गेलं. काकांनी ते एक कार्ड डब्यात घालून पुढाऱ्यांकडे पाठवून दिलं.

उद्घाटनाला आठवडा झाला नाही तोच दुपारी खेळ गोठू लागले. पोरं वैतागून उठून जायची. सेंटरचा मॅनेजर माझ्या दुकानात येऊन रडगाणं गात होता, ते काकांनी ऐकलं आणि पायात चपला सरकवल्या. मीही मागोमाग गेलो. एकेक करत त्यांनी दहाही कॉम्प्युटरमधल्या कार्डांचा वेग उतरवला.

"साहेबांना काय सांगू?" मॅनेजरनं विचारलं.

"चालतंय म्हना."

बाहेर पडल्यावर मला राहवलं नाही. "तुमचं काम काढून घेतलं त्यांनी, तरी?"

"खेळणाऱ्या लेकरांनी काय वाकडं केलं रे माझं?"

पुढाऱ्यांना ते कधी कळलं का, मला ठाऊक नाही. काकांनी विषय काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. स्मशानातून परतताना मी सेंटरपाशी थांबलो. दहाही पडदे चालू होते. आत जाऊन सगळ्यांना काकांबद्दल सांगावं, असं फार वाटलं. तेवढ्यात एका मुलीनं शेवटच्या वळणावर गाडी पुढं काढली आणि अख्खं सेंटर ओरडलं. माझी अजून अंघोळ व्हायची होती. मी उंबऱ्याबाहेरूनच थोडा वेळ बघितलं आणि घरी आलो.