रिकामा चौकोन

मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी हाडांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते, तेव्हा आमचा वॉर्ड सगळ्यांत नीटनेटका समजला जायचा. श्रेय जुन्या मेट्रनबाईंच्या धाकाचं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं आणि तक्त्यातल्या चौकोनात सही करायची, असा नियम. एक चौकोन रिकामा दिसला की बाई चारचौघांत खरडपट्टी काढायच्या. म्हणून मी सकाळी आठलाच दुपारी दोनपर्यंतच्या सह्या ठोकून मोकळी व्हायचे. सगळ्याच जणी ठोकायच्या. त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नाही.

नव्या मेट्रन माझ्याहून लहान, आवाज मऊ. ही काय वॉर्ड चालवणार, असं मी वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशींना बोलूनही दाखवलं. पहिल्याच राउंडला, साडेअकराच्या सुमारास, त्या भांडुपच्या एका आजींपाशी थांबल्या. आजींचं खुब्याचं हाड मोडलेलं. तक्ता न बघताच मेट्रन मला म्हणाल्या, सिस्टर, जरा धरा. आम्ही आजींना कुशीवर घेतलं. माकडहाडाशी कातडी सोलवटली होती.

"सकाळधरून कोणी हात लावूक नाय गो माका," आजी म्हणाल्या.

तक्त्यावर दोनच्या चौकोनातसुद्धा माझी सही होती. मी बोलणी खायची तयारी केली. मेट्रननी एवढंच विचारलं, की वळवायला माणसं किती लागतात. दोन, मी म्हटलं. आणि सकाळी मावशी असते एकच, तीही पेशंट घेऊन एक्स-रेला गेलेली. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी दुसरी मावशी मागवली आणि न झालेल्या कामाचा चौकोन रिकामाच ठेवायला सांगितलं.

मग म्हणाल्या, "जखम कशी झाली, ते आजींच्या मुलाला तुम्ही सांगा. मी शेजारी उभी राहते."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यापेक्षा खरडपट्टी परवडली असती. ड्युटी संपूनही मी थांबले. चारला मुलगा आला, मेट्रन शेजारी असताना त्याला सांगितलं: सही माझी आहे, पण वळवलं नव्हतं. त्याने तक्त्यातल्या माझ्या सह्या एकेक करून बघितल्या.

"घरी मी नि बायको दोघंच असतो," तो म्हणाला. "कसं वळवायचं ते दाखवा ना."

मी दाखवलं. लाजेने त्याच्याकडे वर बघवेना. आजींना नीट कुशीवर घेतलं, पाठीला उशी लावली, आणि मग चारच्या चौकोनात सही केली.